मेलेले दुवे

कानामागून आली आणि तिखट झाली, ही म्हण शीलाबाई खांबेट्यांनी डोंबिवलीच्या कॉलेजात किती पिढ्यांना शिकवली असेल कोण जाणे. पण तिचा खरा अर्थ त्यांना स्वतःला कळला तो रसिका भोईरमुळे. आणि असा कळला की सत्तरी जवळ आली तरी जिभेवरून तो तिखटपणा गेलेला नाही.

गेल्या महिन्यात सकाळच्या चहाच्या वेळी कुरिअरनं एक निमंत्रण आलं. जाड कार्ड, सोनेरी कडा. ठाण्याला टेंभी नाक्याजवळच्या एका ग्रंथालयाच्या सभागृहात ‘बोलीघर’ हे संकेतस्थळ एका अभ्यास संस्थेकडे सोपवण्याचा समारंभ, आणि ते चालवणाऱ्या प्रा. रसिका भोईर यांचा सत्कार. त्याखाली एक ओळ होती : ‘ठाणे जिल्ह्यातलं, भाषेच्या अभ्यासकांसाठीचं पहिलं संकेतस्थळ.’

शीलाबाईंनी ‘पहिलं’ वाचलं आणि हातातलं बिस्कीट चहात पडलं.

“काय गं, काय झालं?” खांबेट्यांनी पेपरमागून विचारलं. खांबेटे म्हणजे शीलाबाईंचे यजमान. विम्याच्या ऑफिसात आयुष्य गेल्यामुळे नुकसान किती झालं हे ते चेहऱ्यावरून ओळखत.

“पहिलं म्हणे! पहिलं कुणाचं होतं हे अख्ख्या डोंबिवलीला माहीत आहे.”

“अख्ख्या डोंबिवलीला नाही,” खांबेटे म्हणाले. “मला माहीत आहे आणि पत्रिकावाल्या प्रीतमला माहीत आहे.”

खोटं नव्हतं ते. पहिलं पान शीलाबाईंचंच होतं.

गोष्ट आहे सव्वीस-सत्तावीस वर्षांपूर्वीची. तेव्हा कॉलेजात एकच संगणक होता आणि तो ऑफिसात दुलई पांघरून बसलेला असे. शीलाबाईंनी हट्टानं घरी संगणक घेतला, टेलिफोनच्या वायरीला जोडला आणि इंटरनेट नावाच्या त्या आटपाट नगरात शिरल्या. आत शिरून बघतात तो काय, जगभरातल्या भाषाशास्त्रज्ञांनी तिथे आपापली दुकानं मांडलेली! कुणी उच्चार लिहून घ्यायची चिन्हं फुकट देतोय, कुणी जुना कोश पान पान करून चढवलाय, कुणी कुठल्याशा बेटावरच्या मरायला टेकलेल्या भाषेचे शब्द गोळा करून ठेवलेत. फक्त कुठे काय आहे ते कळायला मार्ग नव्हता. शोधून देणारी यंत्रं आजच्याइतकी हुशार नव्हती. त्यामुळे एकानं दुसऱ्याला वाट दाखवायची, अशीच रीत होती, आणि ज्याच्या पानावर वाटा जास्त तो त्या नगरातला राजा.

शीलाबाईंनी तेच केलं. ‘भाषावाटा’ नावाचं पान उभं केलं. लिंकला त्या दुवा म्हणत आणि दुसऱ्यांनाही म्हणायला लावत. प्रत्येक दुव्याखाली स्वतःचा शेरा. ‘कोश उत्तम, प्रस्तावना फार लांबली आहे.’ ‘विद्वान आहेत, पण अक्षर लहान ठेवतात.’ दर रविवारी दुपारी जेवणं झाली की त्या एकेक दुवा दाबून बघत. पलीकडचं पान नाहीसं झालेलं असलं की म्हणत, “मेला!” आणि तो दुवा काढून टाकत. खांबेटे आतून विचारत, “कोण मेलं?”

मराठीत लिहायचं म्हणजे तेव्हा मोठी पंचाईत होती. आजच्यासारखं कुठेही टाइप केलं आणि कुठेही वाचता आलं असं नव्हतं. प्रत्येकाचा फाँट निराळा. ज्या फाँटात लिहिलं तोच फाँट वाचणाऱ्याकडे नसला, तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा नुसता कचरा दिसायचा. शीलाबाईंना बाजारातला एकही फाँट पसंत पडेना. फडके रोडच्या आतल्या बाजूला प्रीतमचं लग्नपत्रिका छापायचं दुकान होतं. त्याच्या डोक्यावर बसून त्यांनी स्वतःला हवी तशी कळांची मांडणी करून घेतली. प्रीतमनं वैतागून त्या फाँटचं नाव ‘खांबेटे’ ठेवलं. तो जगात एकाच ठिकाणी मिळायचा, ‘भाषावाटा’वर. ज्याला शीलाबाईंचं मराठी वाचायचं असेल त्यानं तिथून तो उतरवून घ्यायचा. किती जणांनी घेतला असेल हा प्रश्न शीलाबाईंना कुणी विचारला नाही, आणि त्यांनीही विचारू दिला नाही.

आणि मग आली रसिका.

ठाण्याच्या कॉलेजात नवीन लागलेली, शीलाबाईंपेक्षा आठ-नऊ वर्षांनी लहान, मूळची कल्याणजवळची आगरी. शीलाबाई ज्या बोलीबद्दल पुस्तकात वाचत, ती हिच्या घरात भांडणासाठी वापरली जायची. तिनंच एकदा शीलाबाईंना मोहन्याला चुलत्यांकडे लग्नाला नेलं. तिथे तिची आत्या सखुबाई धवले गायला बसलेली. धवले म्हणजे आगऱ्यांच्या लग्नातली गाणी, ती गाणाऱ्या बायकांशिवाय लग्न लागत नाही. शीलाबाई भराभर शब्द लिहून घेत होत्या आणि सखुबाई हसत होती.

“मास्तरनी, लिवून काय करशील? गानं गल्यान असतं, कागदाव नाय.”

शीलाबाईंनी तेही लिहून घेतलं आणि रविवारी सगळं ‘भाषावाटा’वर चढवलं.

पुढे रसिका म्हणाली, “शीलाताई, मलापण शिकवा ना पान करायला.” आणि शीलाबाईंनी शिकवलं. जेवणाच्या टेबलावर शेजारी बसवून, साबुदाण्याची खिचडी खाऊ घालून शिकवलं. हे त्या नंतर आयुष्यभर विसरल्या नाहीत. खिचडीसुद्धा नाही.

रसिकानं ‘बोलीघर’ काढलं. त्यात शब्द कमी होते आणि आवाज होते. सखुबाईचा गळाच तिनं तिथे नेऊन ठेवला होता. एक गाणं उतरायला अर्धा तास लागे, पण उतरलं की अंगावर काटा येई. शीलाबाईंच्याही आला. ‘छान केलंस हो,’ असं त्यांनी फोनवर सांगितलं, आणि तोवर ते मनापासूनच होतं.

मग एका पावसाळ्यात परदेशातल्या एका मोठ्या विद्वानानं भाषावाल्यांच्या टपालगटात, जिथे एकाचं पत्र शेकडो अभ्यासकांना जाई, दोन ओळी लिहिल्या. कोकण किनाऱ्यावरच्या बोलींसाठी ‘बोलीघर’ बघावं, यासारखं दुसरं पान आपल्या पाहण्यात नाही. दुसरं पान आपल्या पाहण्यात नाही! शीलाबाईंनी त्या गृहस्थाला ‘भाषावाटा’चा पत्ता स्वतः तीनदा कळवला होता. त्या दिवशी त्यांनी आमटीत दोनदा मीठ घातलं, आणि खांबेट्यांनी ती मुकाट्यानं खाल्ली.

पोटात आग पडली म्हणजे काय होतं हे शीलाबाईंना तेव्हा समजलं. रात्रंदिवस तेच डोक्यात. ही माझ्या टेबलावर शिकलेली. हिच्याकडे आत्या होती म्हणून. आपल्याला का नाही असली आत्या? आपल्या आत्या सगळ्या पुण्याच्या, एकीलाही गाता येत नाही आणि येतं ते सगळं प्रमाण मराठीत.

‘बोलीघर’वर एक चौकोन होता, ‘आपली सूचना कळवा’. नाव लिहायची सक्ती नव्हती. शीलाबाईंनी आपल्या संगणकावर पत्र लिहिलं आणि उचलून त्या चौकोनात टाकलं. ‘सखुबाईंचं दुसरं गाणं अर्ध्यात तुटतं. वाचकांचा वेळ तुम्हाला फुकटचा वाटतो काय? – एक वाचक.’ पत्र चौकोनात पडताच त्याचा इंग्रजी कचरा झाला, पण त्या काळी त्याचं कुणाला काही वाटत नसे. पलीकडचा माणूस फाँट लावून वाचून घेई.

आठ दिवसांत गाणं पूर्ण झालं.

शीलाबाईंना वाटलं होतं, रसिका रडेल, निदान चिडेल. तिनं तर चूक दुरुस्त केली आणि खाली लिहिलं, ‘वाचकाच्या सूचनेवरून.’ शीलाबाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्यांनी दुसरं पत्र लिहिलं. मग तिसरं. ‘अकराव्या ओळीतला दुवा मेला आहे, त्याचे दिवस घालायला कुणी आहे की नाही?’ ‘ही बाई भिवंडीकडची वाटत नाही, तुम्ही बहुधा घरबसल्या गावं वाटता.’ ‘अर्थ दिला आहे तो शहरी आहे, गावात जाऊन विचारा.’ रसिका गावात जाई, विचारून येई, अर्थ बदले. शीलाबाई दगड मारत आणि ती तो उचलून भिंतीत बसवी. भिंत चढत गेली.

वरून सगळं गोड. संक्रांतीला तिळगूळ, गणपतीत एकमेकींकडे जाणं, “किती गं काम करतेस, तब्येतीला जप,” सगळं यथासांग. आणि घरी आल्यावर चप्पल काढायच्या आधी संगणक सुरू.

या सगळ्यात ‘भाषावाटा’चा रविवार गेला कुठे? तो ‘बोलीघर’वर गेला. दुसऱ्याच्या घरातली जळमटं शोधता शोधता स्वतःच्या घराला वाळवी लागली. ‘भाषावाटा’वरचे दुवे एकेक मरत गेले आणि त्यांना “मेला!” म्हणायला कुणी उरलं नाही. ज्या फुकटच्या जागेवर पान उभं होतं ती कंपनी एका वर्षी गाशा गुंडाळून निघून गेली. शीलाबाईंना ते कळलं तेव्हा महिना उलटला होता. घरातल्या जुन्या संगणकात एक प्रत होती, त्या संगणकानं त्याआधीच मान टाकलेली. उरलं काय, तर एका स्थानिक साप्ताहिकातलं कात्रण, ‘प्राध्यापिकेचे इंटरनेटवर पान’. फोटोत शीलाबाईंच्या चेहऱ्याच्या जागी शाईचा डाग.

आता हे ‘पहिलं’.

निमंत्रणामागून रसिकाचा फोन आलाच. “शीलाताई, यायचंच हं. पुढच्या रांगेत खुर्ची ठेवलीय तुमची.”

“येते की,” शीलाबाई म्हणाल्या आणि फोन ठेवून खांबेट्यांना सांगितलं, “जखमेवर मीठ चोळायला पुढची रांग देतेय. जाणार मी. सगळ्यांसमोर उभी राहणार आणि विचारणार, पहिलं कुणाचं?”

“पुरावा?”

शीलाबाईंनी कात्रण पर्समध्ये घातलं. खांबेट्यांनी शाईचा डाग बघून घेतला.

सभागृह भरलेलं होतं. रसिकानं हिरवी नारायणपेठ नेसलेली. शीलाबाईंचीही हिरवीच होती, पण धुवून धुवून उतरलेली, आणि शेजारी शेजारी ठेवल्यावर ते फारच दिसलं. शीलाबाईंना साडीचाही राग आला. पाहुण्यांची भाषणं झाली, त्यात ‘पहिलं’ हा शब्द येईल तिथे तिथे त्यांचा हात पर्सच्या बकलाकडे जाई. ठरवलेलं होतं, रसिकाचं बोलून झालं की उठायचं.

रसिका बोलायला उभी राहिली. संस्थेचे आभार, घरच्यांचे आभार, दोन वर्षांपूर्वी गेलेल्या सखुबाईची आठवण. मग जरा थांबली.

“एका माणसाचं नाव कार्डावर नाही,” ती म्हणाली. “कारण मला ते छापता येत नव्हतं. हे माणूस ‘एक वाचक’ म्हणून सही करतं. इतकी वर्षं मला पत्रं लिहितंय. एकात तरी गोड शब्द असेल तर शपथ! पहिल्या वर्षी मी पत्र वाचून बाथरूममध्ये जाऊन रडायचे. पण मंडळी, प्रत्येक चूक खरी असायची. आज हे काम संस्थेनं बघून घेतलं आणि म्हणाले, कुठे बोट ठेवायला जागा नाही. ती जागा या माणसानं ठेवली नाही. तर हे ‘एक वाचक’ इथे असतील तर त्यांनी उभं राहावं. या कामाचे सहसंपादक म्हणून त्यांचं नाव लावायचंय.”

शीलाबाईंच्या कानात घण पडायला लागले. उठावं? म्हणजे इतकी वर्षं तिळगूळ देत देत पाठीत सुरे खुपसणारी ती आपण, हे अख्ख्या ठाण्यासमोर कबूल करायचं? त्या खुर्चीला चिकटून बसल्या. खांबेटे छताकडे बघत होते. त्यांना सगळं माहीत होतं.

तेवढ्यात मागून खुर्ची सरकली. अण्णा उभे राहिले. अण्णा म्हणजे ठाण्यातले ते ज्येष्ठ गृहस्थ, जे रस्त्यातल्या खड्ड्यापासून चंद्रावरच्या खड्ड्यांपर्यंत सगळ्यावर वर्तमानपत्रांना पत्रं लिहितात.

“मीच तो,” अण्णा हात जोडून म्हणाले. “एक वाचक.”

टाळ्या कोसळल्या. पाहुणे उभे राहिले. कुणीतरी तबकातली शाल उचलली. शीलाबाई बघतच राहिल्या. अण्णा? यांना तरी संगणक कुठल्या बाजूनं सुरू होतो ते माहीत आहे का? आणि टाळ्या चालूच. सहसंपादक! अकरावी ओळ आपण शोधली. भिवंडीची बाई आपण पकडली. डोळ्यांचे नंबर आपले वाढले. आणि शाल या म्हाताऱ्याला?

“अहो, विशेष काही नाही,” अण्णा माइक हातात घेऊन सांगत होते. “मी आपलं नम्रपणे सुचवत गेलो, प्रेमानं, आपुलकीनं...”

“खोटं!”

शीलाबाई उभ्या होत्या. कधी उठल्या ते त्यांनाही कळलं नव्हतं.

“साफ खोटं! एकही पत्र नम्र नव्हतं! आपुलकी तर औषधालाही नव्हती! ती मी लिहिलीत! सगळी! मी!”

शीलाबाईंना आपलाच आवाज भिंतीवरून परत ऐकू आला.

रसिका मात्र शांतपणे माइकपाशी आली. “बसा अण्णा,” ती म्हणाली. “थँक्यू. छान केलंत.” अण्णा पान खाल्ल्यासारखे हसले आणि बसले. “मी यांना ओळखते हो,” रसिका लोकांना म्हणाली. “कौतुकाच्या नुसत्या हाकेनं शीलाताई उठल्या नसत्या. पण आपली शाल दुसऱ्याच्या खांद्यावर जाताना बघून त्या बसून राहणार नाहीत, एवढं मला माहीत होतं.”

लोक हसले. शीलाबाईंनी विचारलं, “तुला... कधी कळलं?”

“पहिल्याच पत्राला. शीलाताई, पत्र आलं ते सगळं कचरा अक्षरांत. माझ्याकडचे होते नव्हते तेवढे फाँट लावून बघितले, एकानंही वाचता येईना. मग तुमचा लावला. लख्ख मराठी! तो फाँट तुमच्या पानाशिवाय कुठे मिळत होता का? माझ्या माहितीत तो दोघीच वापरायचो. एक तुम्ही लिहायला, आणि एक मी, तुमच्या शिव्या वाचायला.”

आता मात्र सभागृह हसून हसून गदगदलं. नाव लपवायला निघालेली बाई आणि पत्र लिहिलं खांबेटे फाँटात! रसिकानं ते वाचलं कसं, हा साधा प्रश्न भाषाशास्त्राच्या प्राध्यापिकेला इतक्या वर्षांत एकदाही पडला नव्हता. रागाला डोळे नसतात, चष्मा असला तरी.

रसिकानं खूण केली आणि पडद्यावर एक पान उघडलं. पिवळी पार्श्वभूमी, लाल मथळा, कोपऱ्यात लुकलुकणारं ‘नवीन’. ‘भाषावाटा.’ कोश उत्तम, प्रस्तावना फार लांबली आहे. शीलाबाईंनी तोंडावर हात ठेवला.

“फाँट जपायला म्हणून मी अख्खं पानच उतरवून ठेवायचे, दर गणपतीत एकदा,” रसिका म्हणाली. “कार्डावर जे ‘पहिलं’ छापलंय ना, ते आता या दोन पानांचं मिळून आहे. संस्थेच्या संग्रहात पहिली खोली शीलाताईंची.”

शाल आली, नारळ आला, फोटो निघाला. या वेळी डाग पडला नाही. परतीच्या वाटेवर शीळफाट्याला गाडी अडकली तेव्हा खांबेटे म्हणाले, “झालं ना मनासारखं?”

शीलाबाई खिडकीबाहेर बघत होत्या. “मनासारखं कसलं? मोठं मन दाखवायचं होतं तर त्यातही हीच पहिली आली.”

दुसऱ्या दिवशी जेवणं उरकून शीलाबाई बसल्या. सवय ती सवय. नव्या संग्रहात चूक शोधायचीच होती. ‘बोलीघर’ त्यांच्या हाताखालून गेलेलं, तिथे काही सापडणार नव्हतं. म्हणून स्वतःची खोली उघडली. तिथे ‘भाषावाटा’ वर्षावर्षाचं ठेवलेलं होतं, प्रत्येक गणपतीचं एक. पहिल्या वर्षी सगळे दुवे जिवंत. मग एक मेलेला. मग चार. मग ओळीच्या ओळी. प्रत्येक मेलेल्या दुव्यापुढे रसिकानं, जपून ठेवताना, बारीक फुली मारलेली होती. म्हणजे दाबून बघितलेला होता.

आणि अगदी पहिल्या वर्षाच्या पानावर त्यांना ते दिसलं. ‘धवले. गाणारी : सखुबाई. गाव : मोहने.’ ‘बोलीघर’वर सखुबाईचं गाव आटाळी होतं. कालच्या भाषणातही आटाळीच. मोहन्याला ती लग्नापुरती आली होती. शीलाबाईंनी जिथे गाठ पडली तेच गाव लिहून टाकलं होतं, आणि शेवटच्या गणपतीपर्यंत ते तसंच होतं.

त्यांनी फोन लावला.

“रसिका, तुझ्या आत्याचं गाव माझ्या पानावर चुकलंय.”

“हो.”

“दिसलं होतं तुला?”

“पहिल्याच दिवशी. आत्या माझी ना.”

“आणि हे मेलेले दुवे?”

“तेही.”

“मग एका शब्दानं सांगितलं का नाहीस?”

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. रसिका बोलली तेव्हा कालचा माइकवरचा आवाज नव्हता.

“खरं सांगू शीलाताई? सांगितलं असतं तर तुम्ही त्याच दिवशी दुरुस्त केलं असतं. तुमचं पान उभं होतं तोवर माझं कायम दुसरं होतं. सगळे म्हणायचे, खांबेटेबाईंच्या हाताखालची ना तू? आमच्यातलं कुणी शिकून काही करतं म्हटलं की कुणाच्यातरी हाताखालचंच असतं. आग व्हायची अंगाची. तुम्ही मला चुका कळवत होता, आणि मी तुमचे दुवे एकेक करून मरताना बघत होते. कळवायला बसायचे, दोन ओळी लिहायचे, पुसून टाकायचे. तुमचं पान बंद झालं ना, ते मला त्याच दिवशी कळलेलं. तुम्हाला फोन नाही केला. त्या दिवशी आमच्याकडे पुरणपोळ्या केलेल्या मी.”

शीलाबाई फोन कानाला धरून उभ्या राहिल्या. राग यायला हवा होता. त्या त्याची वाट बघत होत्या. एवढा मोठा विश्वासघात, संताप कुठे गेला? पण छातीत कुठेतरी, जिथे इतकी वर्षं निखारा होता, तिथे कुणीतरी गार पाण्याचा तांब्या ओतल्यासारखं झालं.

“म्हणजे,” त्या सावकाश म्हणाल्या, “तू जळत होतीस?”

“तुमच्यापेक्षा जास्त. तुम्ही निदान पत्रं लिहून मोकळ्या व्हायचात.”

“पुरणपोळ्या तुपाबरोबर खाल्ल्यास की दुधाबरोबर?”

“दोन्ही,” रसिका म्हणाली आणि रडता रडता हसली.

फोन ठेवून शीलाबाई स्वयंपाकघरात गेल्या. डब्यातून हरभऱ्याची डाळ काढली, धुतली आणि शिजायला लावली. खांबेटे दारात येऊन उभे राहिले.

“कुणाशी बोलत होतीस?”

“रसिकाशी. जळत होती हो ती माझ्यावर,” शीलाबाई म्हणाल्या. कालच्या शालीनं आलं नव्हतं ते तेज त्यांच्या चेहऱ्यावर आलं होतं. “पहिल्यापासून जळत होती!”

खांबेट्यांनी डाळीकडे बघितलं, मग भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे. आज कुठला सण होता ते त्यांना काही सापडेना.